गाडलेल्यांचा शोध हा उपकार नव्हे

तेलंगणातील नागरकर्नूल जिल्ह्यात श्रीशैलम डाव्या कालव्याच्या बोगद्याचे छत २२ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी कोसळले. बोगद्याच्या तोंडापासून सुमारे चौदा किलोमीटर आत आठ माणसे चिखल, पाणी आणि मोडलेल्या यंत्राच्या लोखंडाखाली सापडली. त्यांत दोन अभियंते होते, दोन यंत्रचालक होते आणि चार मजूर होते. चौघेही मजूर झारखंडचे. सैन्य आले, नौदल आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, जमिनीखालचा वेध घेणारे रडार आले आणि उत्तराखंडातील बोगद्यात २०२३ साली एक्केचाळीस मजुरांना जिवंत बाहेर काढणाऱ्या खाणकामगारांसारखे हाताने खोदणारे कुशल कामगारही आले. पण पंधरवडा लोटत आला तरी एकही माणूस हाती लागला नव्हता. अखेर केरळ पोलिसांचे दोन श्वान, माया आणि मर्फी, आपल्या हस्तकांसह तेथे आणण्यात आले. मानवी मृतदेहाचा वास तेवढा हुडकावयाचा, हे त्यांचे शिक्षण. त्यांनी दाखविलेल्या जागी खोदकाम झाले आणि ९ मार्चला पंजाबातील एका यंत्रचालकाचा मृतदेह बाहेर आला. २५ मार्चला उत्तर प्रदेशातील एका अभियंत्याचा मृतदेह सापडला. त्यानंतर आतला शेवटचा टप्पा धोक्याचा ठरविण्यात आला आणि एप्रिलच्या अखेरीस शोध थांबला. सहा जण आतच राहिले. झारखंडचे चारही मजूर त्या सहांत होते.

कोण सापडावा आणि कोण राहावा हे कोसळत्या छताने ठरविले, कोणा अधिकाऱ्याने नव्हे. हे मान्य करूनच आम्हांस एक प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. मातीखाली गेलेल्या श्रमिकाचा शोध घेणे ही शासनाची कृपा आहे, की त्या श्रमिकाच्या कुटुंबाचा हक्क आहे? कृपा असेल तर ती सोयीनुसार सुरू होईल आणि सोयीनुसार थांबेल. हक्क असेल तर त्याला साधने लागतील, नियम लागतील आणि थांबण्याचीही कारणे द्यावी लागतील. शोधक श्वानांचा विषय वरवर पाहता पोलीस खात्याच्या तांत्रिक बाबींपैकी एक वाटेल. तथापि या विषयाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, आणि म्हणून कार्यकर्त्यांनी तो समजून घेणे आवश्यक आहे.

हे श्वान नेमके करतात काय? मृत्यूनंतर शरीराचे विघटन सुरू होते आणि त्यातून शेकडो प्रकारची रसायने वायुरूपाने बाहेर पडू लागतात. त्यांतील प्युट्रेसिन आणि कॅडाव्हरिन ही दोन रसायने जर्मन वैद्य लुडविग ब्रीगर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ओळखली होती. मनुष्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या वीस ते तीस कोटींच्या घरात मानल्या जातात. परंतु नुसते तीक्ष्ण नाक पुरेसे नाही. मेलेले जनावर आणि मेलेला माणूस यांच्या वासांतील भेद श्वानाला शिकवावा लागतो. हाड, रक्त, मृतदेहाखालची माती अशा नमुन्यांवर महिनोन्‌महिने सराव चालतो. बरोबर जागा दाखविली की चेंडू मिळतो, एवढाच त्याचा मेहनताना. जागा सापडताच काही श्वान खाली बसतात, काही भुंकतात. जेथे काहीही पुरलेले नाही अशा जागेवरही सराव द्यावा लागतो, कारण ‘येथे काही नाही’ हे सांगता येणे ही या विद्येची निम्मी किंमत आहे.

मातीखालचा वास सरळ वर येत नाही. मातीच्या छिद्रांतून, झाडांच्या मुळांच्या वाटेने, वाहत्या पाण्याबरोबर तो सरकतो आणि कधी कधी मृतदेहापासून बऱ्याच अंतरावर प्रगट होतो. चिकणमातीत तो अडकून पडतो, भुसभुशीत मातीत लवकर वर येतो. म्हणून जाणकार हस्तक आधी वाऱ्याची दिशा आणि जमिनीचा उतार पाहतो, गरज पडल्यास पहारीने जमिनीत भोके पाडून वासाला वाट करून देतो, थोडा वेळ थांबतो आणि मग श्वानाला सोडतो. पहिल्या श्वानाने काय दाखविले हे न सांगता दुसरा श्वान फिरविला जातो. दोघांची खूण एकाच जागी पडली की मग खोदणाऱ्यांना बोलवावयाचे. या रीतीने शंभर जागी आंधळेपणाने फावडे चालविण्याऐवजी दोन-तीन जागी ते नेमके चालविता येते. खचलेल्या डोंगरावर खोदणाऱ्याच्या डोक्यावर दुसरी दरड टांगलेली असते. तेथे वाचलेला प्रत्येक तास हा खोदणाऱ्याचाही जीव वाचविणारा असतो.

ही विद्या मुळात गुन्ह्यांच्या तपासासाठी वाढली. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्याच्या पोलिसांनी केवळ याच कामासाठी तयार केलेल्या पर्ल नावाच्या लॅब्रॅडॉर कुत्रीने १९७४ साली पुरलेला मृतदेह शोधून काढला, तेथपासून या कामाची स्वतंत्र शाखा सुरू झाली असे मानले जाते. खून करून प्रेत नाहीसे केले की खटला उभा राहत नाही, हा गुन्हेगाराचा जुना हिशेब. श्वानाने तो चुकविला. आपल्याकडे मात्र या श्वानांची ओळख लोकांना झाली ती वेगळ्या ठिकाणी, आणि ती ठिकाणे नीट पाहण्यासारखी आहेत.

६ ऑगस्ट २०२० च्या रात्री केरळात मुन्नारजवळ पेट्टिमुडी येथे डोंगर खचला आणि चहामळ्यातील मजुरांच्या खोल्यांच्या रांगा त्याखाली गेल्या. या रांगांना तेथे ‘लयम’ म्हणतात. एका भिंतीला लागून दुसरी खोली, अशी ब्रिटिश मळेवाल्यांच्या काळापासून चालत आलेली मजुरांची वस्ती. सत्तर माणसे गेली, बहुसंख्य तमिळ भाषक मळेमजूर. सहासष्ट मृतदेह मिळाले, चार मिळालेच नाहीत. केरळ पोलिसांची श्वान माया त्या वेळी नुकतीच खात्यात आलेली होती. तिने तेथे अनेकांचा ठाव दाखविला. त्याच ठिकाणी आणखी एका कुत्रीची हकीकत घडली. कुवी नावाची, त्या वस्तीतच वाढलेली गावठी कुत्री दिवसेंदिवस मलब्यात आणि नदीकाठी फिरत राहिली आणि आठवड्याने आपल्या घरातील दोन वर्षांच्या मुलीच्या मृतदेहापाशी थांबली. तिला कोणी शिकविलेले नव्हते. पुढे काही काळ पोलिसांनी तिला श्वानपथकात ठेवून घेतले.

चार वर्षांनी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, वायनाडमधील पुंचिरिमट्टम, मुंडक्कै आणि चूरलमला ही गावे वाहून गेली. माया आणि मर्फी तेथेही होते. मेरठच्या सैनिकी केंद्रातून आलेले लष्कराचे श्वानही होते. अनेक मृतदेह चालियार नदीने शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यातील निलंबूरपर्यंत नेले होते. अखंड देहांपेक्षा देहांचे भाग गोळा करण्याचेच काम पुढे अधिक झाले. पुदुमला येथे मळ्याच्या जमिनीवर सामुदायिक दफनभूमी करण्यात आली. ओळख न पटलेल्यांच्या थडग्यांवर नावांच्या जागी क्रमांक लागले, सर्व धर्मांच्या प्रार्थना झाल्या आणि मग डीएनए चाचण्या येत गेल्या तसतशी एकेका क्रमांकाला नावे मिळाली.

चहामळा, वेलदोड्याचा मळा, कालव्याचा बोगदा. या श्वानांच्या कामगिरीचा नकाशा काढला तर तो श्रमिकांच्या वस्त्यांचा आणि कामाच्या जागांचा नकाशा होतो. याला दैवयोग म्हणता येणार नाही. डोंगराच्या धोक्याच्या कुशीत कोण राहतो? पक्के घर बांधण्याजोगी सपाट जमीन ज्याला मिळत नाही तो. बोगद्याच्या टोकाला सर्वांत पुढे कोण उभा असतो? घरापासून हजार-दीड हजार किलोमीटर दूर ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयी जे सांगितले ते केरळनेही बाजूला ठेवले आणि महाराष्ट्रानेही. त्याची किंमत मोजणाऱ्यांच्या यादीत बंगलेवाल्यांची नावे विरळ सापडतील.

मेलेला तर मेलाच, आता त्याच्या शोधावर वेळ आणि पैसा का खर्चावा, असे व्यवहारी म्हणविणारे काही लोक विचारतात. त्यांनी बेपत्ता मजुराच्या बायकोच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. मृतदेह नाही म्हणजे मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणजे भरपाई नाही, विम्याची रक्कम नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, वारसाची नोंद नाही, विधवेचे निवृत्तिवेतन नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने सात वर्षे ज्याची काही वार्ता नाही त्याला मृत मानण्याची मुभा दिली आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तोच नियम पुढे चालविला. सात वर्षे! मोलमजुरी करणाऱ्या घराला सात महिने काढणे कठीण. मोठ्या आपत्तीत शासन खास आदेश काढून हा काळ कमी करते, जसा केरळ सरकारने वायनाडच्या बत्तीस बेपत्तांसाठी जानेवारी २०२५ मध्ये काढला. तो आदेश योग्यच होता. पण खास आदेश मोठ्या आपत्तीला मिळतो. एखाद्या खाणीत, विहिरीत किंवा पायाच्या खड्ड्यात गाडल्या गेलेल्या एकट्या मजुरासाठी मंत्रिमंडळ बसत नाही. त्याचे प्रेत मिळणे हाच त्याच्या कुटुंबाचा एकमेव कागद असतो.

आणि सारे काही कागदापुरतेच नसते. आपले माणूस हाती घेऊन त्याला निरोप देणे ही गरज श्रीमंतांना जेवढी असते तेवढीच गरिबांनाही असते. पुदुमलाच्या क्रमांकांपुढे आशेने उभे राहिलेल्या माणसांना हे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

महाराष्ट्राला हे सारे परके नाही. वायनाडच्या बरोबर दहा वर्षे आधी, ३० जुलै २०१४ रोजी, आंबेगाव तालुक्यातील माळीण हे आदिवासी गाव डोंगराखाली गेले. नित्याची एस. टी. घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला वार्ता कळली. दीडशेहून अधिक माणसे गेली. तेथे यंत्रे पोचू शकली आणि आठवडाभर खोदकाम चालले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकूरवाडीवर दरड आली, तेव्हा वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. बचावपथके चिखलातून तासाभराहून अधिक चढण चढून गेली, खोदयंत्रे वर जाऊ शकली नाहीत, धुक्यापावसामुळे हेलिकॉप्टर उतरू शकले नाही. चार दिवसांनी, २३ जुलैला, शोध थांबविण्यात आला. सत्तावीस मृतदेह मिळाले होते. सत्तावन्न माणसे डोंगरातच राहिली.

त्या पथकांतील जवानांच्या कष्टांविषयी आमच्या मनात आदरच आहे. कुजत चाललेले देह, सततचा पाऊस आणि पुन्हा दरड कोसळण्याची भीती, या स्थितीत काम थांबविण्याची वेळ येऊ शकते, हेही आम्ही जाणतो. मेलेल्यांसाठी जिवंत श्रमिकांना मरणाच्या दाढेत ढकला, असे समाजवादी म्हणविणारा कोणीही म्हणणार नाही. खोदणारा जवान आणि मजूर हाही कष्टकऱ्याचाच मुलगा आहे. पण इर्शाळवाडीला वर्षानुवर्षे रस्ता नव्हता, ही गोष्ट पावसाने ठरविलेली नव्हती. जेथे यंत्र चढत नाही तेथे चार पायांचा शोधक चढू शकतो. अशा वाड्यांसाठीच त्याची गरज सर्वाधिक आहे.

येथे एक सावधगिरीचा इशाराही दिला पाहिजे, कारण कुत्रा हे पोलिसांच्या हातातील साधन आहे आणि त्या साधनाचा दुसरा उपयोगही श्रमिकांना ठाऊक आहे. १९६३ साली अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात नागरी हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय मुलामाणसांवर पोलिसांनी कुत्रे सोडले होते. जो कुत्रा गाडलेल्याला शोधतो आणि जो कुत्रा जिवंत माणसाकडे आरोपी म्हणून बोट दाखवितो, त्या दोघांत फरक केला पाहिजे. पहिल्याचे म्हणणे फावड्याने तपासता येते. खणल्यावर मृतदेह निघतो किंवा निघत नाही. दुसऱ्याचे म्हणणे तपासावयाचे कसे? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार खटल्यात, रेल्वेगाडी घसरविल्याच्या प्रकरणात, १९६९ साली या प्रश्नाचा ऊहापोह केला. कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, त्याच्या वतीने बोलतो तो त्याचा हस्तक, आणि माणसाचे प्राण व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर सोपविता येत नाहीत, हे आक्षेप न्यायालयाने नोंदविले आणि अशा पुराव्याला फारसे वजन देण्याचे नाकारले. पुढील निकालांतही सूर तोच राहिला. पोलीस ठाण्यात सर्वांत आधी संशयित ठरतो तो गरीब, भटका, आदिवासी. त्याच्या दृष्टीने हे तत्त्व लाखमोलाचे आहे.

मृतदेहशोधक श्वानही चुकतो, आणि पुष्कळदा त्याच्यामागचा माणूस चुकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात स्फोटके व अमली पदार्थ हुडकणाऱ्या अठरा श्वानांच्या हस्तकांना, खुणेच्या कागदाखाली वास ठेवला आहे असे सांगितले. प्रत्यक्षात तेथे काहीच ठेवलेले नव्हते. तरीही बहुतेक फेऱ्यांत श्वानांनी ‘सापडले’ असा इशारा केल्याची नोंद झाली. हस्तकाच्या मनातील समज श्वानाच्या वर्तनात उतरली असावी, किंवा हस्तकाने ती स्वतःच पाहिली असावी. मिशिगनमधील एक नावाजलेली हस्तक तर शोधाच्या जागी स्वतःच हाडे पेरीत असे. २००४ साली तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तुरुंगवास झाला. याचा अर्थ श्वान निरुपयोगी आहेत असा नाही. याचा अर्थ एवढाच की त्यांची परीक्षा त्रयस्थ संस्थेने नियमित घेतली पाहिजे, प्रत्येक शोधाची नोंद, चुकलेल्या इशाऱ्यांसह, ठेवली गेली पाहिजे आणि श्वानाच्या खुणेवरून खणावे, पण कोणालाही दोषी ठरवू नये.

यातून पक्षाने आणि कामगार संघटनांनी कोणत्या मागण्या मांडाव्यात?

पहिली मागणी ही की सह्याद्रीतील दरडप्रवण तालुक्यांपर्यंत काही तासांत पोचतील असे किती मृतदेहशोधक श्वान आणि किती शिक्षित हस्तक राज्यापाशी आहेत, हे शासनाने विधिमंडळात जाहीर करावे आणि उणीव असेल ती भरून काढावी. श्वान आणि हस्तक ही एक जोडी असते. ती घडण्यास महिने लागतात. हस्तकाची कारकुनी पद्धतीने बदली करणे म्हणजे ती जोडी मोडणे होय.

दुसरी मागणी हजेरीची. श्वान जागा सांगू शकतो. मातीखाली कितीजण आहेत हे तो सांगू शकत नाही. ती संख्या हजेरीपटावरून कळते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांची नोंद ठेवण्याची जबाबदारी १९७९ च्या कायद्याने ठेकेदारावर टाकली होती. त्या कायद्याची जागा आता नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. कायदा जुना असो वा नवा, पालावर, वीटभट्टीवर, बोगद्यावर आज कोण कामाला आहे याचा खरा पट तेथे नसेल, तर ज्याचे नावच कोठे नाही त्याचा शोधही कोणी सुरू करणार नाही. हा पट तपासण्याचे काम आपले कार्यकर्ते उद्यापासून करू शकतात. त्यासाठी शासनादेशाची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी मागणी अशी की शोध थांबविण्याचा निर्णय लेखी आणि सकारण असावा. कोठवर शोधले, कोठे शोधले नाही, का थांबलो, हे बेपत्तांच्या कुटुंबीयांच्या प्रतिनिधींसमोर सांगितले जावे आणि पावसाळा सरल्यावर किंवा धोका ओसरल्यावर पुन्हा शोध घेण्याची तरतूद त्यात असावी. हाडांचा वास श्वानाला वर्षांनंतरही लागू शकतो, हे अनुभवाने सिद्ध झालेले आहे.

चौथी मागणी ही की कामाच्या जागी गाडल्या गेलेल्या प्रत्येक श्रमिकाला, तो एकटा असो वा शंभरांपैकी एक असो, ठराविक मुदतीत मृत्यूचा दाखला मिळण्याची कायम तरतूद करावी. विधवेला मंत्र्याच्या दौऱ्याची वाट पाहावयास लावू नये.

या मागण्यांना क्रांतिकारक म्हणता येणार नाही, हे आम्ही जाणतो. क्रांतिकारक मागणी एकच आहे : डोंगराच्या पोटात माणसाला राहावे लागू नये आणि छत सुरक्षित केल्याशिवाय बोगद्याच्या टोकाशी त्याला उभे करू नये. ती मागणी जेवढी पुरी होईल तेवढे या श्वानांना काम उरणार नाही, आणि ते कामावाचून बसलेले पाहणे आम्हांस आनंदाचे वाटेल. तोवर त्यांची गरज आहे.

श्वानाला जात कळत नाही, भाषा कळत नाही, अभियंता कोण आणि मजूर कोण हे कळत नाही. वास आला की तो बसतो आणि हस्तकाकडे पाहतो. येथे माणूस आहे, एवढेच त्याला सांगावयाचे असते. तो माणूस तेथे कोणामुळे गेला, हे सांगण्याचे काम त्याचे नाही. ते आपले आहे.